बागेश्रीतला पंचम आणि एम.ए.चा अर्ज

पत्राचा सारांश: लिहिणारी २४ वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी राहते. बी.कॉम. करून दोन वर्षं एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते आहे. बाराव्या वर्षापासून गावातल्याच एका गुरुजींकडे ख्याल शिकते, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही संगीताची परीक्षा पूर्ण झाली आहे. यंदा विद्यापीठात संगीतात एम.ए.ला प्रवेश घ्यावा असं तिच्या मनात आहे. गुरुजींपाशी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "विद्यापीठात कागद मिळतो, गाणं मिळत नाही. दोन वर्षांत वीस-तीस रागांची तोंडओळख होईल आणि हातचं गाणं जाईल." वडिलांचा प्रश्न सरळ आहे: असलेली नोकरी सोडून हे केलंस, तर पुढे नोकरी लागेल का? तिची स्वतःची बोच वेगळी आहे. ती विचारते, "एम.ए.ला जायचं म्हणजे आपण मैफलीची गायिका होणार नाही, हे कबूल करायचं का?" पत्राच्या शेवटी, जाता जाता, तिने एक गोष्ट लिहिली आहे. गेल्या वर्षी एका जुन्या ध्वनिमुद्रणात तिला बागेश्री रागात पंचम, म्हणजे 'प' हा स्वर, स्पष्ट ऐकू आला. गुरुजी तो अजिबात घेऊ देत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडे असंच गातात." तेव्हापासून तो पंचम तिच्या डोक्यातून जात नाही.

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या पंचमापाशी थांबले. तू तो शेवटी, जवळजवळ क्षमा मागितल्यासारखा लिहिला आहेस. माझ्या मते पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. एम.ए. करावं की नाही, याचं निम्मं उत्तर त्या ओळीत आहे. पण तिथे येण्याआधी गुरुजींच्या आणि तुझ्या काही गृहीतांकडे बघू या.

गुरुजी म्हणतात की विद्यापीठात गाणं मिळत नाही. हे वाक्य चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. ते अर्धं बरोबर आहे, आणि बरोबर असलेला अर्धा भाग तू गंभीरपणे घ्यावास. एम.ए. दोन वर्षांचं, म्हणजे चार सत्रांचं. प्रत्येक सत्रात ठरलेले राग, ठरलेले ताल, लेखी पेपर, अंतर्गत गुण, सादरीकरण. सत्र म्हणायला सहा महिन्यांचं; प्रवेश, सुट्ट्या आणि परीक्षा वजा केल्या की हातात जेमतेम चार महिने उरतात. त्यात पाच-सहा राग गळ्यावर चढवायचे. तू बारा वर्षं तालीम घेतली आहेस, तेव्हा एक यमन बसायला किती काळ लागतो हे तुला मी सांगायला नको. वर्गात आठ-दहा विद्यार्थी असतात, कुणाची पट्टी काळी चार, कुणाची पांढरी एक. एकेकाच्या गळ्यावर बसून काम करायला शिक्षकाला वेळ मिळत नाही. मी स्वतः एम.ए. केलं तेव्हा पहिल्या सत्रात माझा पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला रियाज, सुटला आणि तो परत लागायला वर्ष गेलं. म्हणून "एम.ए. केल्यावर मी गायिका होईन" अशी आशा मनात असेल, तर ती आताच खाली ठेव.

आता दुसरा अर्धा भाग. गुरुजींच्या बोलण्यात गुरू आणि संस्था ही दोन वेगळी घरं आहेत, एकात राहणारा दुसऱ्यात जात नाही. आपल्या संगीताचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र तसा नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीची कडक तालीम घेऊन तयार झाले, आणि त्यांनीच १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अभ्यासक्रम, वर्ग, इयत्ता, परीक्षा हे सगळं त्यांनी गाण्यात आणलं. तुझी विशारदची परीक्षा त्याच झाडाची फांदी आहे. तुझ्या गुरुजींनीच तुला त्या परीक्षेला बसवलं असेल, नाही का? विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. त्यांनी देशभर फिरून घराणेदार उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या. लखनौचं मॅरिस कॉलेज १९२६ साली सुरू झालं ते त्यांच्याच प्रयत्नातून. तिथे प्राचार्य असलेल्या श्रीकृष्ण रातंजनकरांच्या हाताखाली के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी हे गायक तयार झाले. आणि कुमार गंधर्व कुठे घडले? मुंबईत बी. आर. देवधरांनी १९२५ साली काढलेल्या संगीतशाळेत.

पण ही नावं गुरुजींसमोर पुरावा म्हणून टाकू नकोस. त्यांच्यात एक धागा आहे, तो बघ. गिंडे लखनौला गेले ते लहान वयात, आणि रातंजनकरांच्या घरचेच होऊन राहिले. कॉलेजचा तास संपल्यावर खरा तास सुरू व्हायचा. देवधरांच्या शाळेत कुमार वर्षानुवर्षं होते, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या बुजुर्गांचं गाणं त्यांच्या कानावर सतत पडत होतं. संस्थेची चौकट आणि आत एक माणूस जो तुमच्या गळ्याची काळजी घेतो, अशा दोन्ही गोष्टी जिथे जुळल्या तिथे गाणं झालं. तुझ्याकडे त्यातली दुसरी गोष्ट आधीच आहे. ती घरी ठेवून जायचं की बरोबर न्यायचं, हे ठरवावं लागेल.

तुझं गृहीतक मला जास्त छळतं. एम.ए. म्हणजे गायिका न होऊ शकल्याची कबुली, असं तुला कुणी सांगितलं? प्रभा अत्रे विज्ञान शिकल्या, कायदा शिकल्या, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे गाणं शिकल्या. सरगम, म्हणजे स्वरांची नावं घेऊन गाणं, या विषयावर संशोधन करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून काम केलं. ज्या सरगमवर काही जाणकार नाराज होते, ती त्या मैफलीत गातही होत्या आणि तिच्यामागचा विचार लिहूनही काढत होत्या. त्यांचं गाणं त्या अभ्यासाने उणं झालं असं कुणी म्हणणार नाही. उलट बाजूने, अशोक रानडे गायचेही, पण आज त्यांचं नाव निघतं ते संगीताबद्दल विचार कसा करावा हे मराठीत शिकवणारे म्हणून. मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र त्यांनी उभं केलं. त्यांना कुणी "मैफलीत कमी पडले म्हणून शास्त्राकडे वळले" म्हणत नाही. म्हटलंच तर ते अज्ञान आहे. संगीताचा अभ्यास हे स्वतंत्र काम आहे. त्याला स्वतंत्र भूक लागते.

ती भूक तुला आहे की नाही? आता पंचमाकडे येऊ.

बागेश्रीतल्या पंचमाबद्दल एकमत नाही, हे पाठ्यपुस्तकांतही लिहिलेलं असतं. कुणी तो पूर्ण वर्ज्य मानतात, कुणी फक्त अवरोहात, म्हणजे स्वर उतरताना, अल्प घेतात, कुणी चढता-उतरता दोन्हीकडे घेतात. परीक्षेत हे तीन मुद्दे लिहिले की गुण मिळतात. पण तुला गुण नको होते. तुला कळून घ्यायचं होतं की गुरुजींच्या बागेश्रीतून तो कधी गेला, कुणी काढला, का काढला. की तो मुळात तिथे नव्हताच आणि बाहेरून आला. बागेश्री आपण भीमपलासी या जवळच्या रागापासून वेगळी ठेवायला धडपडतो, म्हणून पंचम दाबला गेला का? पंचम नसला की मध्यमावरचा ठहराव जास्त खोल होतो, हे सौंदर्य हवं म्हणून तो सोडला का? "म प ध ग" अशी संगती घेणारे गायक त्यावर किती थांबतात? हे प्रश्न गाता गाता सुटत नाहीत. त्यासाठी वीस-पंचवीस ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी ठेवावी लागतात, घराण्यांचे वंशवृक्ष बघावे लागतात, जुन्या स्वरलिप्या वाचाव्या लागतात, जिवंत असलेल्या जाणत्या लोकांना जाऊन नीट विचारावं लागतं आणि मग जे दिसलं ते पुराव्यासह मांडावं लागतं. हे काम शिकायची जागा म्हणजे विद्यापीठ. निदान, चांगलं विद्यापीठ.

आणि गुरुजींचं "आपल्याकडे असंच गातात" हे उत्तर तुला टाळाटाळ वाटलं, असं पत्राच्या सुरावरून दिसतं. मला तसं वाटत नाही. ते त्यांच्या जगातलं पूर्ण उत्तर आहे. त्यांना ते असंच मिळालं, त्यांनी ते असंच जपलं, आणि जपलं म्हणूनच आज तुझ्यापुढे तुलना करायला दोन बागेश्री आहेत. गुरुजींनी सगळीकडून थोडं थोडं घेऊन मिसळलं असतं, तर तुला प्रश्नच पडला नसता. गायकी सांभाळणारा माणूस "का" विचारत बसत नाही, तो "असं" सांगतो. "का" विचारायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी असतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी अधिकारी. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना सोबत घेऊन बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, मोजमापं करायचा खटाटोप केला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांचे निष्कर्ष पुढे अनेकांना पटले नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण एक गाणारा आणि एक विचारणारा एका खोलीत बसले, हे मला फार मोलाचं वाटतं. तू तर दोन्ही आहेस, किंवा होऊ शकतेस.

तू हिशेबाच्या ऑफिसात काम करतेस, म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. एम.ए.च्या शास्त्राच्या पेपरात नाट्यशास्त्र आणि बृहद्देशी या जुन्या ग्रंथांनंतर तुला संगीतरत्नाकर भेटेल. तेराव्या शतकातला हा ग्रंथ आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, यादवांच्या काळात लिहिला गेला. लिहिणारा शारंगदेव राजाच्या हिशेबखात्यात वरच्या पदावर होता. दिवसा जमाखर्च बघणाऱ्या माणसाने संगीताची जी मांडणी केली, ती पुढे हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही परंपरांच्या अभ्यासकांनी शतकानुशतकं वाचली. तेव्हा बी.कॉम. झाल्यामुळे आपण विद्यापीठात उपऱ्या ठरू, अशी जी भीती तुझ्या पत्रात दोन ठिकाणी डोकावते, ती सोड. बऱ्याच संगीत विभागांत कुठल्याही शाखेच्या पदवीधराला विशारद किंवा तत्सम तयारी आणि ऑडिशनवर प्रवेश मिळतो. प्रत्येकाचे नियम वेगळे, म्हणून त्या त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचायचं, एवढंच.

आता वडिलांचा प्रश्न. त्याला मी फुगवून उत्तर देणार नाही.

एम.ए. संगीत म्हणजे नोकरीची हमी नाही. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे एम.ए.ला किमान ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना ५० टक्के), शिवाय नेट ही राष्ट्रीय किंवा सेट ही आपल्या राज्याची पात्रता परीक्षा. नेट वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न आणि १०० गुणांचा. दुसरा तुझ्या विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुणांचा. दोन्ही मिळून ३ तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. संगीताच्या पेपरात शास्त्र, ग्रंथ, वाद्यं, कर्नाटक संगीत, रवींद्रसंगीत असं बरंच काही येतं, म्हणून नुसत्या गाण्याच्या जोरावर तो निघत नाही. नेट होणारे पुष्कळ असतात, कायम जागा त्या मानाने फार थोड्या निघतात. मधली वर्षं लोक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काढतात. दोन-तीन कॉलेजांत तास घेत, एसटीने फिरत. हे वडिलांपासून लपवू नकोस. त्याबरोबर हेही सांग की नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.साठी दरमहा ३७,००० रुपये मिळतात. त्याला वयाची अट ३० आहे, पण स्त्रियांना ५ वर्षांची सवलत आहे. म्हणजे तुझ्याकडे ती पस्तिशीपर्यंत खुली आहे.

शाळेतली संगीत शिक्षिका हा दुसरा रस्ता. इथे एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते आणि फार मनस्ताप होतो. विशारद ही मानाची परीक्षा आहे, पण ती आणि विद्यापीठाची पदवी यांची बरोबरी कोण धरतं, किती धरतं, हे ज्या त्या भरतीच्या जाहिरातीवर अवलंबून असतं. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक संगीत शिक्षकासाठी संगीतातली पदवी किंवा समकक्ष पात्रता मागतात. "समकक्ष" या शब्दाखाली आपलं प्रमाणपत्र बसतं का, हे अर्ज भरताना नाही, आता विचारायचं. लेखी विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं. हाच नियम विशारदच्या पुढची अलंकार परीक्षा झालेल्यांनाही.

तिसरी गोष्ट गुरुजींना आवडेल. आयोगाच्या त्याच नियमांत संगीताच्या सहायक प्राध्यापकपदासाठी कलाकारांची वेगळी वाट ठेवलेली आहे: नामवंत गुरूंकडे शिक्षण, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी, आणि विषय सोदाहरण समजावून सांगण्याची क्षमता. ती वाट लांबची आहे, कारण आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये सुरुवात सहसा 'बी' श्रेणीपासून होते आणि मग 'बी हाय', 'ए', 'टॉप' असं चढायचं असतं. पण ऑडिशनची तयारी करणं म्हणजे एका मोठ्या यादीतल्या रागांना नेमक्या वेळात न्याय द्यायला शिकणं, आणि ती तयारी तू एम.ए. करत असलीस तरी आणि नसलीस तरी सुरू करावीस, असं मला वाटतं. नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षीची अधिसूचना बघ.

वडिलांसमोर बसशील तेव्हा भावनांऐवजी कागद घेऊन बस. हे तुझं रोजचं काम आहे. दोन वर्षांची फी, वसतिगृह किंवा खोली, जेवण, प्रवास, तानपुऱ्याच्या ॲपपासून तबलजीच्या मानधनापर्यंतचा खर्च, बुडणारा पगार, साठलेली शिल्लक. खाली एक ओळ: दोन वर्षांत नेट-सेट झाली नाही तर काय. माझ्या मते तिथे लिहायचं उत्तर "हिशेबाचं काम मला येतं, ते परत करेन" असं आहे. तुझ्या हातात एक कौशल्य आहे ज्यावर पोट भरतं, आणि कलेकडे जाणाऱ्या कितीतरी मुलामुलींकडे ते नसतं. वडील "नोकरी लागेल का" विचारतात तेव्हा बहुतेकदा त्यांना "तू अडचणीत आलीस तर तुझं काय होईल" हे विचारायचं असतं. त्याला उत्तर तुझ्याकडे आहे.

एक घाईची गोष्ट. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं, गुरूकडे किंवा संस्थेत पुढचं शिक्षण घेण्यासाठी. आधी किमान ५ वर्षं शिकलेलं असावं लागतं, ते तुझं झालंच आहे. तू २४ची आहेस. ही खिडकी बंद व्हायला आली आहे, म्हणून जाहिरात आली की अर्ज कर, एम.ए.चा निर्णय झालेला असो वा नसो. इतर लाभांबरोबर ती चालते का, हे अटींत तपासून घे. पंचविशी ओलांडलेल्या वाचकांसाठी त्याच मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, २५ ते ४० वयासाठी, दरमहा १०,००० रुपये. ती मात्र एखाद्या ठोस अभ्यासप्रकल्पासाठी असते.

विभाग कसा निवडायचा, हे तू विचारलं नाहीस. पण खरा धोका तिथेच आहे. एकाच पदवीचे दोन विभाग इतके वेगळे असू शकतात की एकात माणूस फुलतो आणि दुसऱ्यात दोन वर्षं झेरॉक्स काढत बसतो. पुण्याच्या ललित कला केंद्राच्या नावातच गुरुकुल हा शब्द आहे. मुंबई विद्यापीठ आणि एसएनडीटीचे विभाग आहेत. बाहेर जायची तयारी असेल तर बडोदा, बनारस आणि छत्तीसगडमधलं खैरागढ, जिथे १९५६ सालापासून कलांचं स्वतंत्र विद्यापीठच आहे. मी यांची क्रमवारी लावणार नाही, कारण विभाग म्हणजे त्या घडीला तिथे शिकवणारी माणसं. ती निवृत्त होतात, जागा रिकाम्या राहतात, आणि कीर्ती मात्र दहा वर्षं मागून चालत राहते.

म्हणून स्वतः जाऊन बघ. एक दिवस रजा काढ. द्वितीय वर्षाच्या मुलांना शिक्षकांपासून दूर, चहाच्या टपरीवर गाठ आणि विचार: आठवड्यात प्रत्यक्ष गाण्याचे तास किती होतात? वेळापत्रकावरचे नाहीत, होतात ते. तबल्याची साथ रोज मिळते का? मागच्या वर्षी किती मुलांनी मध्येच सोडलं? ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे का, आणि त्याच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचार. संग्रह असतो आणि किल्ली हरवलेली असते, अशी जागा मी पाहिली आहे. विभागप्रमुखांना एकच विचार: माझे गुरुजी आहेत, त्यांच्याकडची तालीम चालू ठेवलेली तुम्हाला चालेल का? या प्रश्नावर चेहरा उजळला तर ती तुझी जागा. कपाळाला आठी पडली तर दुसरीकडे बघ.

घरबसल्या करता येईल असं आणखी एक काम आहे. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचायला मिळतात. ज्या विभागात जायचं आहे तिथल्या मार्गदर्शकांच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध उघड. पहिली शंभर पानं रागांच्या व्याख्या आणि घराण्यांचे इतिहास यांनीच भरली असतील, आणि स्वतः गोळा केलेलं, ऐकलेलं, मोजलेलं काही नसेल, तर तुझ्या पंचमाला तिथे घर नाही. पण एखाद्याने तीस मैफली ऐकून काहीतरी नवं दाखवलं असेल, तर त्या मार्गदर्शकाचं नाव वहीत लिहून ठेव.

आता सगळ्यात नाजूक भाग: गुरुजी.

परवानगी मागायची की कळवायचं, या पेचात तू आहेस. दोन्ही शब्द मला इथे अपुरे वाटतात. बारा वर्षांच्या नात्यात माणूस आशीर्वाद मागतो, आणि आशीर्वाद मागताना आपला निर्णय झालेला असावा लागतो, नाहीतर समोरच्यावर ओझं पडतं. त्यांची भीती काय आहे, तेही समजून घे. दुसऱ्याचा हात गळ्यावर फिरला की आवाजाची लगावट, म्हणजे स्वर लावण्याची ढब, बदलते, वजन बदलतं, तानेचं तोंड बदलतं. जाणकार ते दोन आवर्तनांत ओळखतो. बारा वर्षं घडवलेली गोष्ट कुणीतरी दोन वर्षांत पुसेल, ही भीती खोटी नाही. कदाचित त्यांना याआधी एखाद्या विद्यार्थ्याबाबत तसा अनुभवही आला असेल.

गुरुपौर्णिमेच्या गर्दीत हा विषय काढू नकोस. ते एकटे असतील, गाणं होऊन गेलेलं असेल, अशी संध्याकाळ बघ. सांग की महिन्यातून दोनदा तालमीला येईन, आणि जमणार नसेल ते वचन देऊ नकोस. विभागात कुठला राग सुरू आहे ते त्यांना सांगत जाईन, त्यांच्याकडे तो कसा गातात हे विचारत जाईन, असं म्हण. आणि मग हे विचार: तुमच्याकडच्या बंदिशी मी रेकॉर्ड करून, स्वरलिपीसह लिहून ठेवू का? त्यांच्या पोतडीत किती चिजा आहेत याचा हिशेब कुणी ठेवलेला आहे? तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या, नाव न झालेल्या अशा शेकडो गुरुजींबरोबर बंदिशींचे पाठ, अंतऱ्यांची मूळ वळणं, रागांची चलनं निघून जातात. एम.ए.च्या शेवटी प्रबंधिका लिहायची असते, आणि बहुतेक मुलं तेव्हा विषय शोधत फिरतात. तुझा विषय तुझ्या गुरुजींच्या बैठकीत बसलेला आहे. "विद्यापीठात तुमचं गाणं पुसायला नाही, लिहून ठेवायला जाते आहे" हे तू मनापासून म्हणू शकलीस, तर मला वाटत नाही ते नाराज राहतील. राहिलेच, तर वेळ दे. नाराज गुरूकडेही जात राहायचं असतं.

माझं मत तुला हवं असेल, तर ते असं: यंदा दोन-तीन ठिकाणी अर्ज कर, ऑडिशन दे, पण प्रवेश फक्त तिथेच घे जिथे गुरुजींकडची तालीम चालू राहील आणि तुझ्या प्रश्नात रस घेणारा एकतरी माणूस सापडेल. तसं ठिकाण मिळालं नाही तर वर्षभर थांब. नोकरी ठेव, शिष्यवृत्तीचा अर्ज कर, वाचायला लाग. ते वर्ष वाया जाणार नाही. "सगळ्या मैत्रिणी कुठे ना कुठे पोचल्या" म्हणून मिळेल त्या विभागात मात्र जाऊ नकोस.

तुझ्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. तबला किंवा सतार वाजवणाऱ्यांनी विभागात आपल्या वाद्याचा कायम शिक्षक आहे का, हे आधी बघावं. अनेक ठिकाणी गायनाचा शिक्षकच वाद्याचेही गुण देतो. चाळिशीनंतर शिकायला निघालेल्यांनी, विशेषतः मुलं मोठी झाल्यावर परत गाण्याकडे वळलेल्या स्त्रियांनी, नोकरीच्या हिशेबाने एम.ए.कडे बघू नये आणि वयाच्या संकोचाने मागेही राहू नये. शास्त्राच्या वर्गात आयुष्यभर ऐकलेल्या कानांची फार गरज असते. आणि ज्यांना कुठलाच "पंचम" छळत नाही, फक्त गावंसं वाटतं, त्यांनी फीचे पैसे तालमीवर आणि प्रवासावर खर्च करावेत. त्यात काहीही उणेपणा नाही.

अर्जाची तारीख येईपर्यंत तुला एक काम देते. बागेश्रीची तीन ध्वनिमुद्रणं घे, तीन वेगळ्या घराण्यांची, शक्यतो विलंबित ख्यालासह. वही घेऊन बस. पंचम जिथे जिथे येतो तिथे मिनिट-सेकंद लिही: आधीचा स्वर कोणता, नंतरचा कोणता, त्यावर थांबले की नुसते स्पर्शून गेले, आलापात आला की तानेत. आला नाही, तर तेही लिही. दहा-बारा संध्याकाळी लागतील. मग तो कागद घेऊन गुरुजींकडे जा. वाद घालायला नको, त्यांना दाखवायला. त्यांच्या समोर तिन्ही ध्वनिमुद्रणं लाव आणि त्यांना ऐकू दे. ते काय म्हणाले, ते मला नक्की कळव.